पौर्णिमेची ओहोटी आणि सकाळची लाँच : मुंबईत नोकरी ठेवून उरणला घर घेताना

मुंबईतील नोकरी न सोडता समुद्राजवळ राहायला जाण्याचा विचार अनेक घरांत वर्षानुवर्षे बोलला जातो आणि प्रवासाच्या धास्तीने तिथेच राहतो. आमच्याही घरात तो तसाच रेंगाळला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही त्याला हात घातला आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसमोरच्या किनाऱ्यावरील उरणमधील एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या घरात राहायला आलो. आता येथील एक पूर्ण पावसाळा पाहून झाला आहे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. या वर्षभरात आम्हाला हवी असलेली माहिती तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या माणसांकडून मिळत गेली. ती एका ठिकाणी असती तर आमचे बरेच महिने वाचले असते.

आधी आमची परिस्थिती सांगते, कारण निर्णय तिच्यावरच अवलंबून होता. माझे कार्यालय बेलार्ड इस्टेटमध्ये आहे आणि मला आठवड्यातून तीन दिवस तिथे जावे लागते. उरलेले दोन दिवस घरून काम चालते. माझ्या पतींचे कार्यालय बेलापूरला आहे आणि त्यांना रोज जावे लागते. सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांना दम्याचा जुना त्रास आहे. घरासाठी ५० लाखांपेक्षा जास्त रक्कम उभी करणे आम्हाला शक्य नव्हते. या चार गोष्टी कागदावर लिहून आम्ही त्याखाली दोन अटी लिहिल्या. घराच्या दारापासून कार्यालयातील टेबलापर्यंत दोन तासांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये, ही पहिली अट. नेहमीचा मार्ग बंद पडला तर घरी परतण्याचा दुसरा मार्ग असलाच पाहिजे, ही दुसरी. पहिली अट सगळेच लावतात. दुसरी मी मुद्दाम लावली, कारण किनाऱ्यावरच्या गावांना जोडणारे मार्ग बहुधा खाडी ओलांडून येतात आणि पावसाळ्यात खाडीच सगळे ठरवते.

वसई, उत्तन, अलिबागजवळचे मांडवा आणि उरण अशी चार नावे आमच्यासमोर होती. वसईच्या बाजूने बोलण्यासारखे खूप होते. चर्चगेटपासून सुमारे ५२ किलोमीटरवर असूनही पश्चिम रेल्वेच्या गाड्या इतक्या वारंवार आहेत की वेळापत्रक पाहण्याची गरज पडत नाही. शाळा, बाजार, दवाखाने अशा सगळ्या सोयी आहेत. आणि पारनाका, रमेदी या भागांत अजूनही झाडी आणि जुनी घरे आहेत. परंतु वसईहून बेलापूरला रोज जायचे म्हणजे गाडी बदलून दोन तासांच्या बरेच पलीकडे जाणे होते. पतींच्या दृष्टीने तिथेच प्रश्न मिटला. दोघांची कार्यालये पश्चिम रेल्वेवर असतील त्यांनी मात्र वसई पहिल्याने पाहावी, असे मी आजही सांगते.

उत्तनला आधी भाईंदर स्थानकापर्यंत रस्त्याने यायचे, मग लोकल, आणि चर्चगेटहून पुन्हा बेलार्ड इस्टेटपर्यंत जायचे, असे तीन टप्पे झाले असते. मांडव्याची गोष्ट निराळी आहे. गेटवे ते मांडवा ही प्रवासी बोट मे महिन्याच्या अखेरीपासून साधारण ऑगस्ट संपेपर्यंत बंद असते. मार्च २०२० मध्ये मुंबईतील भाऊच्या धक्क्याहून सुरू झालेली, वाहनेही नेणारी रो-रो बोट पावसाळ्यातही हवामान पाहून चालते, पण ती बंद राहिली तर पेण-वडखळमार्गे सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता हाच दुसरा मार्ग उरतो. सुटीच्या घरासाठी ते चालेल, नोकरीसाठी नाही.

उरणचे नाव आमच्या यादीत आले ते १२ जानेवारी २०२४ नंतर. त्या एकाच दिवशी खारकोपर ते उरण हा रेल्वेमार्ग आणि शिवडी ते चिर्ले हा अटल सेतू, दोन्हींचे उद्घाटन झाले. त्याआधी नेरूळ-बेलापूरहून निघणारी गाडी नोव्हेंबर २०१८ पासून खारकोपरलाच थांबत असे आणि उरणकरांना बस किंवा जवळच्या मोरा बंदरातून सुटणारी लाँच, म्हणजे प्रवासी बोट, हेच आधार होते. आता बेलापूरला थेट गाडी झाली होती आणि मला मुंबईत पोहोचायला कागदावर तीन मार्ग दिसत होते : मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँच, उरणहून नेरूळ किंवा बेलापूर आणि तिथे गाडी बदलून सीएसएमटी, आणि रस्त्याने अटल सेतू.

हे तिन्ही मार्ग मी मार्चपासून प्रत्यक्ष तपासायला घेतले, आणि सुटीच्या दिवशी नव्हे तर कामाच्या दिवशी, कार्यालयाच्याच वेळेला. घर पाहायला माणसे रविवारी दुपारी जातात, तेव्हा रस्ते मोकळे असतात आणि समुद्र छान दिसतो; त्या भेटीतून प्रवासाबद्दल काहीच कळत नाही. मी कुर्ल्याच्या घरून आदल्या संध्याकाळी उरणला जाऊन एका ओळखीच्यांकडे मुक्काम करायचे आणि सकाळी तिथूनच कामावर जायचे. कोणी नातेवाईक नसतील तर एखादी खोली भाड्याने घेऊनही हे करावे. त्यात जाणारे पैसे घराच्या किमतीपुढे काहीच नाहीत.

लाँचचा प्रवास मला पहिल्याच दिवशी आवडला. पाण्यावरचा वेळ पाऊण तास ते तास असतो, बसायला जागा मिळते, आणि भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर बेस्टची बस सीएसएमटीकडे जाते किंवा चालत डॉकयार्ड रोड स्थानक गाठता येते. घरापासून कार्यालयापर्यंत पावणेदोन तासांत पोहोचले. परतीच्या लाँचमध्ये मासळी विकून रिकाम्या टोपल्या घेऊन निघालेल्या एक वयस्क कोळीणबाई शेजारी बसल्या होत्या. आम्ही इथे घर पाहतो आहोत असे सांगितल्यावर त्यांनी आधी मी कामाला कुठे जाते ते विचारले आणि मग म्हणाल्या, “पुनवेला न् अवसेला सांजंचं पानी नसतं गो बाय, तवा गाडीनंच ये.” उरणच्या प्रवासाबद्दल मला मिळालेली ही सर्वांत उपयोगाची माहिती होती.

मोऱ्याच्या धक्क्याजवळ गाळ फार साचतो. मोठ्या ओहोटीला पाणी इतके मागे हटते की लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि काही तास फेऱ्या बंद ठेवाव्या लागतात. आता मोठी ओहोटी केव्हा येते ते पाहा. कोकण किनाऱ्यावर जुना हिशोब आहे : तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला, जेव्हा उधाण असते आणि पाणी सर्वांत जास्त चढते व सर्वांत खोलही उतरते, तेव्हा पूर्ण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येते. पुढे रोज ती सुमारे पाऊण तासाने सरकत तृतीया-चतुर्थीपर्यंत थेट सकाळी आणि रात्री आठ-नऊवर पोहोचते. नोकरदारांच्या जाण्यायेण्याच्या नेमक्या याच वेळा आहेत. उलट अष्टमीच्या आसपास भांग असते, पाण्याचा चढउतार कमी असतो, आणि लाँच निर्धास्त चालते. पंधरवड्यातून चार-पाच दिवस लाँचवर भिस्त ठेवायची नाही, एवढे लक्षात ठेवले की उरलेल्या दिवसांत ती उत्तम सोय आहे. मला आठवड्यातले तीन दिवस स्वतः निवडता येतात, त्यामुळे हा हिशोब माझ्या बाजूने झुकला. ज्यांना रोज ठरावीक वेळेला हजर राहावे लागते त्यांनी लाँच हा पूरक मार्गच समजावा.

रेल्वेचे गणित वेगळे आहे. उरण ते बेलापूर प्रवासाला साधारण पाऊण तास लागतो आणि गर्दी मुख्य मार्गांच्या मानाने पुष्कळच कमी असते. परंतु हा मार्ग सुरू झाला तेव्हा दिवसभरात येऊन-जाऊन ४० फेऱ्याच होत्या. दुपारी तर एक गाडी चुकली की तासाहून अधिक थांबावे लागे. मुंबईकराची सवय गाडी चुकली तर पुढची पकडण्याची असते. इथे घड्याळ लावून घरातून निघावे लागते. बेलापूरला किंवा नेरूळला उतरून हार्बरची गाडी घेतल्यावर सीएसएमटीपर्यंत आणखी तासभर. सगळे मिळून माझा प्रवास दोन तासांच्या किंचित वर जात होता. पतींसाठी मात्र हा मार्ग सरळ होता : एक गाडी, एक तिकीट, उतरल्यावर दहा मिनिटे चालणे.

अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे आणि मोटारीने चिर्ल्याहून शिवडीला वीस-पंचवीस मिनिटांत आणून सोडतो, पण रोजच्या खर्चाचा विचार करता तो आमच्यासाठी नव्हता. मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये आणि परतीसह ३७५ रुपये, त्यावर इंधन. दुचाकी आणि रिक्षा यांना सेतूवर परवानगी नाही, हे दुचाकीवर नोकरीला जाणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावे. शिवाय उरण गावातून चिर्ल्यापर्यंत पोहोचताना बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागलेली असेल तर सेतूवर वाचलेला वेळ तिथेच जातो. तरीही आजारपणात रात्री मुंबईतले रुग्णालय गाठायचे झाले तर हा रस्ता आहे, हे सासूबाईंच्या दृष्टीने मोठे समाधान होते. उरणमध्ये ग्रामीण रुग्णालय आणि खासगी दवाखाने आहेत, परंतु मोठ्या उपचारांसाठी नवी मुंबई किंवा मुंबई गाठावी लागते. घर पाहताना आम्ही दम्याच्या झटक्यासाठी ऑक्सिजनची सोय असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, हे प्रत्येक वेळी विचारून त्याचे अंतर लिहून ठेवत असू.

मे महिन्यात आम्ही पाण्याची चौकशी केली. उरणला रानसई धरणाचे पाणी येते आणि उन्हाळ्याच्या शेवटी कपात होते. इमारतीच्या पदाधिकाऱ्यांना “पाणी कसे आहे?” असे विचारले की उत्तर चांगलेच येते, त्याऐवजी मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का, आणि त्याचा खर्च देखभालीच्या बिलात कसा विभागतात, असे विचारले तर खरी माहिती मिळते. एका ठिकाणी तर पहारेकऱ्यानेच जमिनीखालच्या टाकीचे झाकण उघडून दाखवले.

मग पावसाळ्यापर्यंत थांबायचे ठरवले. दलालांना हे आवडले नाही. “ताई, तोवर भाव वाढतील,” असे प्रत्येकाने सांगितले, आणि दोन बरी घरे त्या काळात हातची गेली, हेही खरे. तेव्हा मनाला फार चुटपुट लागली. तरी थांबलो. २१ जुलै २०२४ ला गुरुपौर्णिमा होती. तिच्या पुढच्या दोन-तीन दिवसांत, भर दुपारी उधाणाच्या भरतीला, आम्ही निवडलेल्या गल्ल्यांतून फिरलो. पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकत्र आली की गटाराचे पाणी खाडीत उतरत नाही, उलट भरतीचेच पाणी गटारातून मागे येते. कोणती गल्ली घोट्यापर्यंत भरते, कोणत्या इमारतीच्या तळमजल्यावर वीजमीटर किती उंचीवर बसवले आहेत आणि कोणत्या भिंतीवर मागच्या वर्षीच्या पाण्याची रेषा अजून दिसते, हे त्या एका फेरीत कळले. आमच्या यादीतील एक इमारत आम्ही त्या दिवशी वगळली. ती समुद्रापासून दूर होती, पण बुजत चाललेल्या पाणथळ जागेच्या काठावर उभी होती. किनाऱ्याच्या प्रदेशात खाडी आणि पाणथळ जागा यांचे अंतर पुळणीच्या अंतराइतकेच महत्त्वाचे असते.

खाऱ्या हवेचा परिणाम पाहण्यासाठी फार शिक्षण लागत नाही, पण जवळ जाऊन पाहावे लागते. किनाऱ्यालगतच्या एका घराची गॅलरी पाहताना मी कठड्याचा लोखंडी गज हाताने दाबला. बाहेरून नुकताच निळा रंग दिलेला होता. रंगाखालचा गंज पापुद्रे सुटावेत तसा अंगठ्याखाली चुरला आणि गजाची जाडी निम्मीच उरलेली दिसली. वर पाहिले तर सज्जाच्या खालच्या बाजूला लांब सरळ तडा होती आणि तिच्या कडेने तपकिरी ओघळ उतरला होता. अशी सरळ तडा म्हणजे आतली सळई गंजून फुगली आहे आणि तिने काँक्रीट फोडले आहे, असे आमच्यासोबत आलेल्या संरचना अभियंत्यांनी समजावले. त्यांनी नाण्याने गिलाव्यावर ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते दाखवले, गच्चीवरच्या टाकीचे बोल्ट पाहिले, आणि शेजाऱ्यांच्या वातानुकूलन यंत्रांचे बाहेरचे पत्रे किती वर्षांत खाल्ले गेले ते विचारायला लावले. त्यांची फी ६,००० रुपये होती. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हायला हवी. तो अहवाल मागण्यात संकोच करू नये. ज्या संस्थेने अहवाल लगेच आणून दिला तिथेच आम्ही पुढे बोलणी केली. ते घर समुद्रापासून सुमारे एक किलोमीटर आत, नारळीच्या वाडीच्या मागे आहे. गच्चीत गेले तरच समुद्र दिसतो, पण संध्याकाळचा वारा खिडकीतून येतो.

जमिनीच्या हक्काचा प्रश्न उरणमध्ये इतर गावांपेक्षा गुंतागुंतीचा आहे आणि त्यावर घाई करू नये. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाच्या द्रोणागिरीसारख्या वसाहतीत जमीन भाडेपट्ट्याने दिलेली असते, त्यामुळे घर हस्तांतरित करताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागते; किमतीची तुलना करताना ते धरले पाहिजे. त्यातील अनेक इमारती साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात काही भाग भूखंडाच्या रूपाने परत देण्याच्या योजनेत, प्रकल्पग्रस्तांना मिळालेल्या भूखंडांवर उभ्या आहेत. अशा ठिकाणी मूळ भूखंडधारक, विकासक आणि सिडको यांच्यातील त्रिपक्षीय करार झालेला आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. गावठाणांलगत “गरजेपोटी”, म्हणजे कुटुंब वाढले म्हणून रीतसर परवानगीविना, बांधलेली घरे ही येथील भूमिपुत्रांच्या दीर्घ लढ्याचा भाग आहेत आणि त्या लढ्याबद्दल मला आदर आहे; परंतु भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची अधिकृत परवानगी) नसलेल्या इमारतीत बाहेरून येणाऱ्या माणसाने कर्ज काढून घर घेणे ही वेगळी गोष्ट आहे. अशी घरे निम्म्या किमतीत दाखवली गेली, तेव्हा मोह झाला नाही असे नाही, पण मोठ्या बँका त्यांना कर्ज देत नाहीत यातच उत्तर होते.

किनाऱ्याजवळच्या कोणत्याही इमारतीबद्दल सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या निर्बंधांची, चौकशीही करावी. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात लोकवस्तीच्या घनतेप्रमाणे भरतीरेषेपासून ५० किंवा २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असते, आणि भरतीचे पाणी शिरते त्या खाड्यांच्या काठालाही निर्बंध लागू होतात. घर आज विकत घेताना याची झळ लागणार नाही, पण वीस वर्षांनी पुनर्बांधणीची वेळ येईल तेव्हा लागू शकते. नव्या प्रकल्पात घर घेणाऱ्यांनी महारेरा या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून मंजुरीची कागदपत्रे स्वतः उघडून वाचावीत. आणि दलालाने सांगितलेला एखादा पूल, धक्का किंवा रस्ता पूर्ण झालेला नसेल तर प्रवासाच्या हिशोबात तो शून्य धरावा. आम्ही हा नियम शेवटपर्यंत पाळला.

१२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या दिवशी, आम्ही १ लाख रुपये विसार दिला. किंमत ४६ लाख ठरली. विसाराच्या पावतीवर वकिलांनी एक वाक्य आवर्जून घालून घेतले : हक्क तपासणीत दोष निघाल्यास किंवा बँकेने कर्ज नाकारल्यास विसाराची रक्कम परत मिळेल. मागील तीस वर्षांच्या मालकीचा शोध अहवाल यायला तीन आठवडे लागले आणि त्याला १०,००० रुपये पडले. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आधीच्या दस्तांचे सूची-२, म्हणजे नोंदणीचे सारांश-उतारे, मोफत पाहता येतात. मी ते आधीच काढून ठेवले होते, त्यामुळे वकिलांशी बोलताना कोणत्या मालकाकडून कोणाकडे घर गेले हे मला समजत होते.

घर माझ्या एकटीच्या नावावर घेतले. महाराष्ट्रात स्त्री खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे आमच्या बाबतीत ४६,००० रुपये वाचले, आणि दलालाची एक टक्का दलाली नेमकी त्यातून निघाली. पती कर्जात सहकर्जदार आहेत. त्यासाठी मालकीत नाव असावे लागत नाही, तरी बँकेला आधी विचारून घ्यावे. मुद्रांक शुल्काचा दर त्या जागी महापालिका, नगरपरिषद की ग्रामपंचायत आहे यावर बदलतो, आणि ते करारातील किंमत व शासनाचे बाजारमूल्य यांतील मोठ्या रकमेवर आकारले जाते. नोंदणी फी एक टक्का, परंतु कमाल ३०,००० रुपये. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असती तर विक्रेत्याला पैसे देताना एक टक्का आयकर कापून भरण्याची जबाबदारीही आमच्यावर आली असती.

खरा उशीर झाला तो विक्रेत्यांच्या जुन्या कर्जामुळे. आमच्या बँकेने त्यांच्या बँकेला थेट रक्कम चुकती केली, पण मूळ कागदपत्रे मिळेपर्यंत उरलेली रक्कम सोडता येत नव्हती. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत दिली पाहिजेत आणि न दिल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. त्या बँकेने जवळजवळ पूर्ण मुदत वापरली. ते दिवस जड गेले. कुर्ल्याच्या घराचा भाडेकरार संपत आला होता, घरमालकांना दोनदा मुदत मागावी लागली, सामान अर्धे खोक्यांत बांधलेले होते, आणि सासूबाई रोज संध्याकाळी “फोन आला का?” एवढेच विचारत. विक्रेते काका मात्र अत्यंत सरळ होते. ते प्रत्येक दोन दिवसांनी स्वतः बँकेत जाऊन काय झाले ते कळवत राहिले, आणि व्यवहारात माणूस चांगला असणे किती मोलाचे असते ते त्या महिन्यात मला उमगले. जुने कर्ज असलेले घर घेणाऱ्यांनी कर्ज घेतले तेव्हा बँकेकडे कोणती कागदपत्रे जमा झाली त्यांची यादी विक्रेत्याकडून पहिल्याच भेटीत मागून घ्यावी, आणि ताब्याची तारीख ठरवताना हा महिना आधीच त्यात धरावा.

संस्थेचे ना-हरकत पत्र बँकेने मागितले, तेही मिळाले. हस्तांतरणासाठी संस्था जे अधिमूल्य घेते त्याला शासनाने मर्यादा घातलेली आहे : महापालिका क्षेत्रात कमाल २५,००० रुपये, आणि लहान नगरपालिका व ग्रामपंचायतींत त्याहून कमी. त्यापेक्षा अधिक रक्कम “देणगी” म्हणून मागितली तर लेखी मागणी द्यावी, असे नम्रपणे म्हणावे. आम्हाला तशी वेळ आली नाही. दस्ताची नोंदणी स्वतः एका सकाळीच उरकली. माहिती आधी ऑनलाइन भरलेली होती, दोन साक्षीदार आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रे बरोबर होती. कर्जाच्या नोंदीची सूचना ३० दिवसांच्या आत दाखल करायची असते, ते वकिलांनीच केले.

मकरसंक्रांतीनंतर आम्ही राहायला आलो. सामानाच्या टेम्पोला १८,००० रुपये लागले. पहिल्या महिन्यात खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या काढून पावडर-कोटेड अॅल्युमिनियमच्या बसवल्या आणि बिजागऱ्या व कड्या स्टेनलेस स्टीलच्या केल्या. हा खर्च घराच्या किमतीत आधीच धरलेला होता.

आता माझ्या स्वयंपाकघरात दिनदर्शिकेवर कार्यालयाचे दिवस तिथी पाहून खुणावलेले असतात. षष्ठी ते द्वादशीच्या दिवसांत लाँच, पौर्णिमा-अमावास्येच्या पुढे-मागे रेल्वे किंवा घरून काम. जून ते ऑगस्टमध्ये लाँचचे भाडे वाढते आणि वादळी वाऱ्यात बंदरावर धोक्याचा बावटा लागला की फेऱ्या थांबतात, म्हणून त्या महिन्यांत रेल्वेचा पास काढलेलाच बरा. जुलै २०२५ मध्ये एकदा हार्बर मार्गावर पाणी साचून गाड्या थांबल्या होत्या. मी सहकाऱ्यांबरोबर टॅक्सी करून अटल सेतूवरून चिर्ल्यापर्यंत आले आणि तिथून पती दुचाकीवर घ्यायला आले. रात्री दहाच्या आत घरी पोहोचले. दुसऱ्या अटीचा उपयोग त्या दिवशी झाला. पतींचा प्रवास मात्र दोन्ही बाजूंनी नेमका तासाभराचा आहे आणि त्यात आजवर फारसा बदल झालेला नाही.

सासूबाईंना पावसाळ्यात दमट हवेचा त्रास झाला. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांच्या खोलीत आर्द्रता शोषणारे यंत्र ठेवले आहे, आणि पावसाळ्यानंतर त्यांचे सकाळचे फिरणे पुन्हा सुरू झाले. दम्याचा रुग्ण घरात असेल तर समुद्राची हवा चांगलीच असते असे गृहीत न धरता डॉक्टरांना विचारावे आणि शक्य असल्यास आधी पावसाळ्यातले काही दिवस तिथे राहून पाहावे.

एक काम अजून उरले आहे. वीजबिल, गॅस आणि आधारवरचा पत्ता बदलून झाला, परंतु मालमत्ता कराच्या नोंदीवर अजून आधीच्या मालकांचे नाव आहे. त्यासाठी सूची-२ ची प्रत, संस्थेच्या भागदाखल्याची (शेअर सर्टिफिकेटची) प्रत आणि मागील कराची भरलेली पावती जोडून अर्ज दिला आहे. घर घेतल्यावर हा अर्ज पहिल्याच महिन्यात करून पोचपावती जपून ठेवावी, कारण पुढे विक्री, वारसनोंद किंवा नवे कर्ज यांपैकी काहीही करायचे झाले की ही नोंद मागितली जाते.